पाच कागदांनी मारलेला माणूस

१

अध्यक्षमहाराज, चोरी तुम्ही केलीत. भर दुपारी, पंख्याखाली बसून, चहाचा कप हातात धरून तुम्ही एका बाईचा खरेपणा चोरलात. ती तुमच्यापुढे उभी राहून एकच वाक्य सांगत होती, "मला वास आला नाही, साहेब." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, टेबलावर पाच कागद एकावर एक आपटलेत आणि म्हणालात, "पाच अभ्यास एकीकडे आणि तुम्ही एकट्या एकीकडे. विज्ञान खोटं बोलत नाही, बाई. मग कोण बोलतंय?"

ते पाच कागद तुम्ही वाचले होतेत का? नव्हतेत. त्यांच्यावरचे शिक्के पाहिले होतेत.

झालं होतं ते असं. लाकडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्याच्या पॉलिश विभागात थिनरचा एक ड्रम बुडाशी फुटला. थिनर लाद्यांवरून सरकत फवारणीच्या यंत्रापर्यंत गेलं. बाईने नेहमीप्रमाणे यंत्राचं बटण दाबलं, ठिणगी उडाली आणि आग लागली. तिच्या शेजारी काम करणाऱ्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. त्याला बगलेत धरून बाहेर ओढून आणलं ते तिनेच. पण चौकशी समितीपुढे पहिली साक्ष झाली ती ड्रम वाहणाऱ्या हमालाची. तो म्हणाला, "मी फाटकाशी होतो. तिथवर असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं."

फाटकापाशी भपकारा, आणि आत ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला वास नाही? समितीचा निष्कर्ष तयार झाला. बाई झोपली होती, नाहीतर वास येऊनही तिने बेफिकिरीने बटण दाबलं, आणि आता खोटं बोलतेय. थिनरमुळे नाक बधिर होतं म्हणावं, तर तसं काही होत नाही असं पाच ठिकाणी छापलेलं. पुढच्या सोमवारी अंतिम सुनावणी होती. निकाल विरुद्ध गेला की नोकरी जाणार, आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार.

बाईची धाकटी नणंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळायची. अख्खं महाविद्यालय तिला संदर्भताई म्हणायचं. कौतुकाने म्हणणारे थोडे, वैतागाने म्हणणारे जास्त. कुणी "संशोधनाने सिद्ध झालंय" असं म्हटलं की ही विचारायची, "कुणाच्या? कधी? तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत?" त्यामुळे प्राध्यापक मंडळी तिच्या टेबलावरून जाताना पावलं उचलून चालायची.

निरोप मिळाल्यावर ती थेट भावाकडे आली. दादा खिडकीशी पाठ करून उभा होता. वहिनी ओट्यापाशी.

"आलात वन्सं? बसा. चहा टाकलाय."

"वहिनी, चहा राहू दे. मला नीट सांग, काय झालं?"

"काय सांगू? सतराशे साठ वेळा सांगितलं. वास नव्हता म्हणजे नव्हता! ह्यांना विचारा, ह्यांचासुद्धा विश्वास नाही."

दादा वळला. "मी असं कधी म्हटलं? मी एवढंच म्हटलं की हमाल खोटं कशाला बोलेल? त्याचं तुझं काही वाकडं आहे का?"

"म्हणजे मी बोलतेय!"

"अगं तसं नाही..."

"मग कसं?"

संदर्भताईने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दूध लागलं होतं, चांगलंच करपलेलं. बिचारीचं लक्ष कुठे आहे, असं मनात म्हणत ती वहिनीकडे पाहत राहिली. वहिनीने मात्र आपला कप शांतपणे संपवला, वर अर्धा कप आणखी ओतून घेतला.

"वहिनी, समितीने दिलेल्या त्या पाच कागदांच्या प्रती माझ्याकडे दे," ताई म्हणाली. "माणसांची उलटतपासणी समितीने केली ना? आता कागदांची मी करते."

२

दुसऱ्या दिवशी संदर्भताईने ते पाच कागद ग्रंथालयातल्या लांब टेबलावर मांडले. एक कारखान्याचं सुरक्षा टिपण, दुसरी सरकारी मार्गदर्शिका, तिसरी व्यवसाय संघटनेची पुस्तिका, चौथा एका उद्योग-मासिकातला लेख, पाचवं एका नामवंत प्राध्यापकांच्या पाठ्यपुस्तकातलं प्रकरण. पाचही ठिकाणी अर्थ एकच होता. अनुभवी कामगारांना थिनरच्या वासाचा त्रास होत नाही आणि त्यांच्या घ्राणशक्तीवर परिणाम होत नाही.

ती कागदाला साक्षीदारासारखं वागवायची. तू स्वतः पाहिलंस, की ऐकलंस? कुणाकडून ऐकलंस?

टिपणाने बोट दाखवलं मार्गदर्शिकेकडे. मार्गदर्शिकेने पुस्तिकेकडे. पुस्तिका म्हणाली, मासिकातल्या लेखात वाचलं. लेखाने प्राध्यापकांचं पुस्तक पुढे केलं. आणि पुस्तकाच्या तळटिपेत लिहिलं होतं, "दिवंगत कारखाना-वैद्यांनी पॉलिश कामगारांची केलेली पाहणी." कारखाना हाच, वहिनीचा.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं तेव्हा वहिनी भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हणजे वन्सं, पाच घरचे नळ, पण टाकी एकच?"

"एकच."

"आणि टाकीत काय आहे ते कुणी झाकण उघडून पाहिलंच नाही?"

"कुणीच नाही. पाहणी कुठे छापलेलीच नाही. मी चार ग्रंथालयांत विचारलं."

दादा टेबलावर पुढे झुकला. "मग ती पाहणी झालीच नसेल! कारखान्यानेच पिल्लू सोडलं असेल. त्यांचा तो सुरक्षा अधिकारी बघ, कायम गोड हसत असतो. मला तो पहिल्यापासून पटत नाही."

ताईलाही तेच वाटत होतं. पाहणी कारखान्यातली, फायदा कारखान्याचा, आणि समितीपुढे हे कागद नेऊन ठेवणारा तोच सुरक्षा अधिकारी. गणित सुटल्यासारखं दिसत होतं. आयुष्यभर लोकांना "आधी तपासा" असं बजावणारी बाई त्या रात्री न तपासताच गुन्हेगार ठरवून झोपली.

३

सुरक्षा अधिकाऱ्याची खोली पॉलिश विभागाला लागूनच होती. मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. ताई आत पाऊल टाकते न टाकते तोच तिच्या डोक्यात सणक गेली. आगीनंतर विभागाचं काम अर्ध्यावर आलं होतं, तरी हवा अशी जड की घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हावं. तिने रुमाल नाकाला लावला.

"सर्दी का?" अधिकाऱ्याने आपुलकीने विचारलं. "खिडकी लावू?"

"खिडकी उघडा."

"उघडतो की. पण बाहेर धूळ फार आहे हो. आमच्या इथे आत कसं, स्वच्छ. बघा ना, पॉलिश विभागाला चिकटून बसतो मी, काही वास येतोय का? लोक उगाच बोंब मारतात."

ताईला वाटलं, काय निर्लज्ज माणूस आहे! तोंडावर खोटं! तिने सरळ घाव घातला. "ही पाहणी तुम्ही बनवलीत. अशी पाहणी झालेलीच नाही. कारखाना वाचवायला तुम्ही एका बाईचा बळी देताय."

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. तो उठला, कपाटाकडे गेला, तिथून परत आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, मी ह्या विभागात पोरसवदा असल्यापासून फवारणी केली. हातावर चट्टे आहेत, बघा. तुमची वहिनी काम शिकली ती माझ्या हाताखाली. तिला अडकवून मला काय मिळणार? पाहणी झाली होती. डॉक्टर दाराशी उभे राहून एकेकाला विचारत होते, मलाही विचारलं होतं. मी तेव्हा शिफ्टचा मुकादम होतो. त्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. मी सरकारी मार्गदर्शिका वाचली आणि टिपण लिहिलं. सरकारचं खोटं कसं असेल?"

"तुम्हाला काय विचारलं होतं डॉक्टरांनी?"

"आता इतकं कुठे आठवतंय? प्राध्यापकांना विचारा. डॉक्टरांच्या मागेमागे तेच हिंडत असायचे तेव्हा."

त्याच्या आवाजात चीड होती, पण लपवाछपवी नव्हती. ताई बाहेर पडली ती खालमानेने. संशयित हातचा गेला होता, आणि त्याला जे बोलली ते परत घेता येत नव्हतं. फाटकापाशी मोकळ्या हवेत आल्यावर तिने रुमाल काढला. पण एक गोष्ट मनात काट्यासारखी राहिली. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मग "काही वास येतोय का?" असं त्याने इतक्या बिनधास्तपणे कसं विचारलं?

४

प्राध्यापकांचा दिवाणखाना पुस्तकांनी भरलेला. स्वतःच्या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या एका ओळीत, पाठ बाहेर करून.

"संदर्भताई! वा वा. अजून लोकांना छळताय का?"

"छळतेय. सर, ती पाहणी मला पाहायची आहे."

"छापलेली नाही. एका बैठकीत डॉक्टरांनी तोंडी मांडली होती. मी तिथे हजर होतो, ऐकून घेतली आणि पुस्तकात दिली. नाहीतर वायाच गेली असती बघा."

"डॉक्टर नेमके काय म्हणाले होते?"

"जे मी लिहिलंय ते."

"तेवढंच?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "त्यांना विचारायचं तर आता वर जावं लागेल. गेले बिचारे."

"कधी गेले?"

"असतील झाली... बरीच वर्षं."

"म्हणजे कुठल्या साली?"

"अहो, ते काय माझे चुलते होते? साल घेऊन काय करणार आहात?"

ताई उत्तर न देता उठली. साल घेऊन ती खरोखर काहीतरी करणार होती. ग्रंथालयात प्रत्येक लेखकाची एक नोंद असते, आणि लेखक वारला की त्या नोंदीत मृत्यूचं साल भरावं लागतं. हे काम तिच्याकडेच. वर्षानुवर्षं केल्याने तिला एक खोड लागली होती. कुणाच्या नावाआधी "दिवंगत" दिसलं की तिचे डोळे आपोआप साल शोधायचे.

तिने पाचही कागद पुन्हा उघडले. पाचही ठिकाणी डॉक्टर "दिवंगत". साल एकाही ठिकाणी नाही. निधनाची बातमी नाही, शोकसभा नाही. जुन्या वर्तमानपत्रांत शोधलं, काही सापडलं नाही. शेवटी तिने डॉक्टरांच्या संघटनेच्या कचेरीत फोन लावला.

"एक माहिती हवी होती. तुमचे एक सदस्य, कारखान्याचे वैद्य होते, त्यांच्या निधनाचं साल..."

पलीकडचा कारकून फोनवरच खो खो हसत सुटला.

"निधन? कुणाचं? ह्या म्हाताऱ्याचं? अहो बाई, कालच येऊन माझ्याशी भांडून गेलाय की! वाचनालयातल्या खुर्च्या टोचतात म्हणून!"

५

डॉक्टर मुलीकडे राहत होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दार त्यांनीच उघडलं. भिंगं जाड, खांदे वाकलेले, आवाज खणखणीत. गॅलरीत एका उघड्या रेडिओचे भाग वर्तमानपत्रावर पसरले होते.

"मी मेलोय?" ते म्हणाले. "कुठे छापलंय? दाखवा तरी."

ताईने पाच कागद दिले. ते एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचत गेले. पहिल्याला हसले. दुसऱ्यालाही हसले. तिसऱ्यानंतर हसणं थांबलं.

"पाच ठिकाणी मारलाय मला, आणि एकालाही माझ्या दारापर्यंत यावंसं वाटलं नाही. ज्याने पुस्तक लिहिलं त्याने मेलोय म्हणून लिहिलं, आणि बाकीच्या चौघांनी मढं तसंच उचलून पुढे नेलं. बरं, ते सोडा. हे वाक्य माझं नाही."

"कुठलं?"

"घ्राणशक्तीवर परिणाम नाही, हे. मी असं म्हणणंच शक्य नाही. मी नाकं तपासलीच नव्हती!"

ताई खुर्चीच्या कडेला आली. "मग काय तपासलंत?"

"तक्रारी. दाराशी उभा राहिलो आणि येईल त्याला विचारलं, वासाचा त्रास होतो का? नवी माणसं रडकुंडीला आलेली. डोकं दुखतं, मळमळतं म्हणत होती. जुनी माणसं मात्र हसत होती. कसला वास, डॉक्टर? आम्हाला काही येत नाही! बैठकीत मी तीन गोष्टी सांगितल्या. जुने कामगार तक्रार करत नाहीत. का करत नाहीत ते मला माहीत नाही. पुढची पाहणी नाकांची झाली पाहिजे. पुढची पाहणी व्हायच्या आत माझी बदली झाली. पुस्तक आलं तेव्हा पाहिलं, तर तीनपैकी पहिलीच गोष्ट ठेवलेली, आणि घ्राणशक्तीचं वाक्य पदरचं जोडलेलं. मी त्या प्राध्यापकाला पत्रांवर पत्रं लिहिली. पुढच्या आवृत्तीत बघतो, म्हणाला. मग मुलीकडे आलो, पत्ता बदलला, उत्तरं येईनात, तेव्हा मीही पत्रं थांबवली." त्यांनी कागदावर बोट आपटलं. "हा पठ्ठ्या खरंच पुढच्या आवृत्तीत बघून बसलाय. त्या आवृत्तीत मलाच मारून टाकलं!"

ताई ऐकत होती, पण तिचं मन दुसरीकडे धावत होतं. कसला वास? आम्हाला काही येत नाही. वहिनीचा करपलेला चहा, आणि वर ओतून घेतलेला अर्धा कप. त्या कोंदट खोलीत खिडकी बंद करून बसलेला, हसरा, प्रामाणिक माणूस.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हमाल म्हणतो फाटकापर्यंत भपकारा होता. माझी वहिनी म्हणते वास नव्हता. समितीने ठरवलं, दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलतंय. पण दोघंही खरं बोलत असतील तर?"

डॉक्टरांनी जाड भिंगांतून तिच्याकडे पाहिलं. मग रेडिओ तसाच टाकून ते चपला शोधायला लागले.

"वहिनी घरी आहे का आत्ता?"

वहिनीने दार उघडलं आणि डॉक्टरांना पाहून थबकली. "अगंबाई! तुम्ही तेच ना? दाराशी उभं राहून विचारत होतात ते?"

"तोच. तुम्ही मला काय उत्तर दिलं होतंत?"

"मी म्हटलं, कसला वास? सवय झाली. ती पाहणी होती, हे मला कुठे ठाऊक!"

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. ताईने एकेक झाकण उघडलेली बाटली तिच्या नाकाशी नेली. व्हिनेगर, कॉफी, लवंगेचं तेल, साधं पाणी. प्रत्येक वेळी वहिनी मनापासून ओढून वास घ्यायची आणि म्हणायची, "पाणी." चौथ्यांदा म्हणाली, "वन्सं, चेष्टा पुरे. सगळ्यांत पाणीच भरलंय तुम्ही."

दादाने तिच्या हातात बाटल्या दिल्या. तिने डोळे उघडले. कॉफीची बाटली उलटी केली, तळहातावर तपकिरी पूड पडली. ती पूड नाकाशी नेली. पुन्हा नेली.



"मला वाटायचं साबणवाल्यांनी लबाडी चालवलीय," वहिनी म्हणाली. "पूर्वीसारखा वास देत नाहीत मेले. तीन कंपन्यांचे साबण बदलले मी." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. "अहो, मग मी खोटं बोलले नाही ना?"

दादा तिच्याशेजारी खाली बसला. "नाही गं. चुकलो मी. विचारायच्या आधीच ठरवून मोकळा झालो."

"पण हे समिती मानेल का?" ताईने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही मानणार. नाटक करतेय म्हणतील. वास येत नाही म्हणणं सोपं असतं."

ताई रात्रभर ह्यावर विचार करत राहिली असती. पण उत्तर तिला तिथेच, डॉक्टरांना दारापर्यंत सोडताना सुचलं. तिला असा साक्षीदार हवा होता, ज्याला वास येतोय असं म्हणण्यातच फायदा आहे.

६

सोमवारी समितीची खोली गच्च भरली. एका बाजूला पॉलिश विभागातले कामगार, पुढे हातांना पट्ट्या बांधलेला जोडीदार. दुसऱ्या बाजूला सुरक्षा अधिकारी आणि प्राध्यापक, समितीने तज्ज्ञ म्हणून बोलावलेले. ताईच्या मागून डॉक्टर आत आले तेव्हा प्राध्यापकांनी आधी ओळखलं नाही. मग ओळखलं. त्यांच्या हातातलं पेन टेबलाखाली गेलं आणि ते उचलायला वाकलेले प्राध्यापक लवकर वर येईनात.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी दिवंगत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पाच कागदांनुसार."

खोलीत हशा उसळला. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. ताईने साखळी उलगडून सांगितली, कुणी कुणाचं उचललं ते. पाच जण पाच वेळा एका जिवंत माणसाला मेलेला म्हणतात याचा अर्थ एकच, पाचांपैकी एकानेही त्या माणसाला शोधलं नाही. डॉक्टरांनी आपल्या तीनही गोष्टी पुन्हा सांगितल्या. मग ताई प्राध्यापकांकडे वळली.

"सर, उरलेल्या दोन गोष्टी का कापल्यात?"

"प्रकरण लांबत होतं. विद्यार्थ्यांसाठी पुस्तक आहे ते. 'माहीत नाही' असं पाठ्यपुस्तकात कसं लिहायचं?"

"आणि दिवंगत?"

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "त्यांची पत्रं यायची थांबली. मला वाटलं, गेले असतील. वाटलं... बरं झालं, वाद मिटला."

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. "कागद सदोष असतील. पण त्याने ह्या बाईंचं म्हणणं खरं ठरत नाही. त्यांना वास येत नाही याला पुरावा काय? त्यांचाच शब्द. मीही आत्ता म्हणू शकतो, मला वास येत नाही!"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "म्हणून त्यांची परीक्षा घेऊच नका. ह्यांची घ्या." तिने सुरक्षा अधिकाऱ्याकडे बोट केलं. "हे कारखान्याच्या बाजूचे. थिनरने नाकाला काही होत नाही असं ह्यांनीच लिहून दिलंय. त्यांना वास आला तर मी हरले. साहेब, याल पुढे? आणि त्या दिवशी तुम्हाला नको ते बोलले, त्याची माफी मागते."

सुरक्षा अधिकारी हसतच उठला. "माफी कसली, चला."

डॉक्टरांनी दोन बाटल्या पुढे केल्या. एकीत पाणी, एकीत थिनर. कुठल्या बाटलीत काय ते झाकणाच्या आतल्या खुणेवरून फक्त त्यांनाच ठाऊक. झाकणं उघडताच पहिल्या रांगेतला हमाल तोंड वाकडं करून मागे सरकला, आणि समितीतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. सुरक्षा अधिकाऱ्याने पहिल्या बाटलीचा वास घेतला. मग दुसरीचा. पुन्हा पहिलीचा. त्याच्या कपाळावर घाम आला. तो खोलीभर पाहू लागला, लोकांच्या चेहऱ्यांवरून काही कळतंय का ते.

"दोन्हींत... पाणी आहे ना?" तो म्हणाला.

कुणी हसलं नाही.

हमालानेच पुढे होऊन त्याच्या हातातली थिनरची बाटली काढून घेतली, झाकण लावलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. "बसा मुकादम," तो हळूच म्हणाला, जुन्या नावाने. अधिकारी स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला.

"म्हणजे मी त्या खोलीत..." तो म्हणाला. "इतकी वर्षं खिडकी लावून..." मग त्याने मान वर केली. त्याचं ते कायमचं हसू गेलं होतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते जास्त चांगलं दिसत होतं. "अध्यक्षसाहेब, माझं टिपण मी मागे घेतो. हवा खेळती होईपर्यंत पॉलिश विभाग आजपासून बंद. मालकांशी मी बोलतो, नोकरी गेली तर गेली. आणि आमच्या सगळ्या जुन्या माणसांची नाकं तपासा, डॉक्टर. माझ्यापासून सुरू करा."

मागच्या रांगेतून एक जण उठला. मग दुसरा. जुने फवारणीवाले, बाया आणि बाप्ये, कुणी न सांगता डॉक्टरांच्या टेबलापुढे उभे राहू लागले. जोडीदारही उठला, पट्ट्या बांधलेले हात छातीशी धरून. "मला हिने ओढून काढलं, हे कुणी लिहून घेतलंय का?" तो म्हणाला. "नसेल तर आता घ्या. मीही तिच्याशेजारीच उभा होतो. मलाही वास आला नव्हता. मला कुणी विचारलंच नाही."

"ह्यांतल्या काहींना वासाचं ज्ञान परत येतं," डॉक्टर रांगेकडे पाहत ताईला म्हणाले. "त्या हवेतून बाहेर काढलं, रोज वेगवेगळे वास घ्यायची थोडी थोडी सवय दिली तर येतं. सगळं नाही आणि सगळ्यांना नाही, पण येतं. ह्या वेळी मी नीट लिहून काढणार, आणि काय माहीत नाही तेही लिहिणार."

"लिहा," ताई म्हणाली. "पहिली उलटतपासणी माझी."

अध्यक्ष कागद गोळा करत होते. घाईघाईने, कोपऱ्याला कोपरा जुळवत. "समितीने नवी माहिती ऐकून घेतली आहे," ते म्हणाले. "प्रकरण फेरविचारासाठी ठेवण्यात येत आहे. योग्य त्या टप्प्यावर योग्य तो निर्णय कळवण्यात येईल. सभा संपली."

खुर्च्या सरकल्या. पण वहिनी उठली ती दाराकडे गेली नाही. ती सरळ अध्यक्षांच्या टेबलापाशी गेली आणि त्यांनी जुळवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर तिने तळहात ठेवला. नखांत पॉलिशचा रंग बसलेला, कधीच न निघणारा.

"फेरविचार तुम्ही सावकाश करा साहेब," ती म्हणाली. "निर्णय टपालाने पाठवा. पण त्या दिवशी ह्याच खोलीत, ह्या सगळ्यांच्या देखत, तुम्ही विचारलं होतंत की कोण खोटं बोलतंय. मी उत्तर दिलं होतं. आता मी विचारते, आणि ह्या सगळ्यांच्या देखतच विचारते. मी खोटं बोलले होते का?"

"बाई, असं एका शब्दात..."

"हो की नाही?"

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग खाली घेतला. रांगेतला एकही माणूस हलला नाही. संदर्भताईने आपली खुर्ची ओढली आणि ती पुन्हा खाली बसली. तिच्यामागे दादा बसला, हमाल बसला, डॉक्टर बसले, सुरक्षा अधिकारी बसला. अख्खी खोली बसली.

"आम्हाला घाई नाही," वहिनी म्हणाली. "सांगा, साहेब."